झाकणाची ओळ

माझ्या आधी या खुर्चीत बसणाऱ्या इंजिनियरने जाताना मला एक गोष्ट दोनदा सांगितली. "कॉन्फिगच्या फोल्डरला हात लावू नकोस. चालतंय ना, चालू दे." तो हसत होता, पण बोलताना त्याने दाराकडे बघितलं, कंपनीचे मालक, आमचे सर, ऐकत नाहीत ना म्हणून. त्या दिवसापासून मी त्या फोल्डरला घाबरत आले.

आमचं ऑफिस सुरतेत, पर्वत पाटियाला आहे, कापडाच्या गोदामांच्या वर. खाली दिवसभर पार्सलं शिवणं चालतं आणि वर आम्ही मोजकी माणसं डाइंग मिलमधल्या मशिनांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. ज्या मशिनात पॉलिस्टरच्या साड्यांचं कापड रंगवतात, त्याला जेट म्हणतात. आडव्या ठेवलेल्या लोखंडी पिंपासारखं असतं ते. आत कापड, रंग आणि पाणी. पाणी एकशे तीस अंशांपर्यंत तापवतात, त्यामुळे आत प्रचंड दाब कोंडतो. मशिनशेजारी एक पॅनल असतं. कधी तापवायचं, कधी थंड करायचं, झाकण उघडायला हिरवा दिवा कधी द्यायचा, हे सगळं ते पॅनल ठरवतं. त्या पॅनलमधला प्रोग्रॅम आमचा.

प्रत्येक मिलची मशिनं वेगळी. म्हणून प्रोग्रॅम एकच ठेवायचा आणि मशिनागणिक बदलणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या फाइलींत लिहायच्या, अशी पद्धत. या कॉन्फिग फाइली. एखाद्या मिलला द्यायचं पॅकेज तयार करायचं असलं, की बिल्ड करणारं एक साधन प्रोग्रॅम आणि या फाइली वाचून सगळ्याचा एक गठ्ठा बांधतं. तो पेन ड्राइव्हवर घेऊन आमचा माणूस मिलमध्ये जातो आणि पॅनलमध्ये टाकतो.

फाइली शेकड्याने होत्या आणि सगळ्या एकाच फोल्डरमध्ये पडलेल्या. काहींची नावं मिलवरून, काहींची मशिनवरून. एकीचं नाव 'नवी', दुसरीचं 'नवी खरी', तिसरीचं 'हीच वापरा'. कुठली लागते आणि कुठली मेलेली, हे कुणालाच माहीत नव्हतं.

मग इच्छापोरच्या एका कारखान्याचं काम आलं. त्यांच्यासाठी पॅकेज बांधताना आम्ही इतके अडखळलो, की सर वैतागले. सर सुरतेचेच, आमचं बोलणं गुजरातीतून चालतं. ते मला बेन म्हणतात.

"बेन, हा उकिरडा एकदा लावून टाका," ते म्हणाले. "मिलप्रमाणे फोल्डर करा, मेलेल्या फाइली काढा. दुसरं काही नको, एवढंच काम घ्या हातात."

मी हो म्हटलं, पण घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. आम्ही डिंडोलीला राहतो. वडील खानदेशातून, पारोळ्याकडून आले आणि लूमवर उभं राहून त्यांनी आयुष्य काढलं. आमच्या घरात पंख्याखाली बसून काम करणारी मी पहिलीच. नोकरी गेली तर काय, ही भीती माझ्यासोबतच वाढलेली आहे. आणि धाकटा भाऊ कडोदऱ्याच्या बाजूला एका डाइंग मिलमध्ये जेटवर ऑपरेटर. मी ऑफिसात जे लिहायचे, ते त्याच्या समोरच्या पॅनलवर चालायचं. आईला याचं फार कौतुक. "बहीन लिखस आनि भाऊ चालाडस," असं ती गल्लीत सांगायची.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले, पण एकही फाइल हलवली नाही. आधी ठरवलं, की आत्ता जे निघतंय त्याची छाप घेऊन ठेवायची. बिल्डच्या साधनात तशी सोय असते. सगळ्या फाइली वाचून झाल्यावर प्रत्येक गोष्टीची शेवटची किंमत काय उरली, ते ते दाखवतं. एकच गोष्ट दोन फाइलींत लिहिली असेल तर नंतर वाचलेली फाइल आधीचीवर मात करते. म्हणून शेवटी काय उरलं हेच खरं. फाइली लावून झाल्यावर पुन्हा तेच काढायचं आणि दोन्ही ताडून बघायचं. फरक नाही पडला तर मी सुटले.

माझा स्वतःवर भरवसा नव्हता, म्हणून आणखी एक केलं. कोपऱ्यात जुना संगणक झाकून ठेवलेला होता. दिवाळीनंतर नवा आला तेव्हा तो बाजूला काढला होता. मी त्याच्यावरचं कापड काढलं, तो सुरू केला आणि त्याच फाइली त्याच्यावरही वाचायला लावल्या. दोन्हीकडे सारखंच येणार हे मी धरूनच चालले होते. मला फक्त मनाची शांती हवी होती.

एका ओळीत फरक आला.

झाकण-तपासणी. जुन्या संगणकावर 'चालू'. नव्यावर 'बंद'.

मी पुन्हा काढलं. पुन्हा तेच.  खाली कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याचा टीं टीं आवाज येत होता आणि मी त्या एका शब्दाकडे बघत बसले होते.

कारण शोधायला वेळ लागला नाही, इतकं ते साधं होतं. ऑफिसात टेबलावर चाचणीसाठी एक पॅनल आहे. त्याला पिंप नाही, पाणी नाही, दाब नाही. दाब मोजणारं यंत्रच नसेल तर झाकण-तपासणी अडकून बसते, म्हणून टेबलासाठीच्या फाइलीत ती बंद केलेली. ती फाइलही त्याच फोल्डरमध्ये, म्हणून मिलच्या पॅकेजसाठीही वाचली जायची. तिचं नाव 'बेंच', सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत. खऱ्या मशिनच्या फाइलीचं नाव 'जेट', त्यातलं पहिलं अक्षर मोठं. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. जुना संगणक लहानमोठं अक्षर एकच मानायचा, म्हणून आधी बेंच वाचायचा, मग जेट, आणि जेटमधलं 'चालू' शेवटी उरायचं. नवा संगणक मोठ्या अक्षरांची नावं आधी घेतो. त्याने आधी जेट वाचली, मग बेंच. शेवटी उरलं 'बंद'.

कुणी काही बदललं नव्हतं. कुणाचं बोट चुकलं नव्हतं. संगणक बदलला, एवढंच.

आणि नव्या संगणकावरून बांधलेलं पॅकेज तीन मिलमध्ये जाऊन चालूही झालं होतं. त्यातली एक माझ्या भावाची.

तपासणी बंद म्हणजे काय, हे मला बसल्या बसल्या दिसायला लागलं. रंगाचा टप्पा संपला, थंड करण्याची वेळ भरली, की दिवा हिरवा. आत दाब उरलाय का, हे कुणी विचारणारच नाही. एरवी तेवढ्या वेळात मशीन थंड झालेलं असतं, म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. पण ज्या दिवशी थंड पाण्याला जोर नसेल, त्या दिवशी? ऑपरेटर हिरवा दिवा बघून झाकणाचं चाक फिरवणार आणि आतली वाफ, उकळतं पाणी, सगळं त्याच्या अंगावर.

तेवढ्यात मला आठवलं. मागच्या आठवड्यात जेवताना भाऊ म्हणाला होता, "आमना मिलमा एक जण भाजना. घाई नडनी त्याले." आईने चुकचुक केलं होतं. मी भाकरी मोडत विचारलं होतं, फार भाजला का. तो म्हणाला होता, छाती आणि हात. आणि मग आम्ही दुसऱ्या विषयावर गेलो होतो.

मी उठून सरांच्या केबिनमध्ये गेले.  त्यांना बाहेर आणून दोन्ही संगणकांचे पडदे दाखवले.  मग त्यांनी स्वतः दोन्हीकडे पुन्हा काढून बघितलं. 

"मशिनवर लोखंडी खिट्टी असते ना," केबिनमध्ये परत येऊन ते म्हणाले. "दाब असला तर ती झाकण धरून ठेवते. आपल्या दिव्यावर थोडंच सगळं असतं."

"जुन्या मशिनवर खिट्ट्या झिजल्यात, सर. काही ठिकाणी तारेने बांधून ठेवल्यात. भाऊ सांगतो."

"ठीक आहे. नवं पॅकेज आत्ता बांधा. संध्याकाळपर्यंत तिन्हीकडे टाकून येऊ. विचारलं तर सांगू, अपडेट आहे."

"संध्याकाळपर्यंत मशिनं चालू राहतील."

"बेन, झाकणाची तपासणी बंद होती असं मी फोनवर सांगितलं, तर उद्यापासून आपलं पॅनल कोण लावेल? तुमचं, माझं, सगळ्यांचं घर यावर आहे."

ते खोटं बोलत नव्हते. मलाही तेच भय होतं. पण मला भावाचे हात दिसत होते, चाकावर ठेवलेले. मी त्यांच्या टेबलावरचा फोन उचलला आणि पहिल्या मिलचा नंबर लावला.  पलीकडे कुणीतरी उचलला, "हा, बोलो," म्हणाला आणि माझा आवाजच फुटेना. तेव्हा सरांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. मला वाटलं ते ठेवून देणार. त्यांनी तो कानाला लावला.

"मशीन बंध करो," ते गुजरातीत म्हणाले. "हमणां ज. अंदर दाब छे के नहीं, पॅनलने खबर नथी. ढांकणुं कोई खोले नहीं."

पलीकडून बरंच काही विचारलं गेलं असावं. सर फक्त "मारी भूल, मारी भूल" म्हणत राहिले. ठेवला आणि लगेच दुसऱ्या मिलला लावला. तिथेही मशिनं थांबली.

तिसऱ्या मिलचा फोन कुणी उचलत नव्हतं. भावाचा मोबाइल बंद. डाइंगमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, ते दारात जमा करतात. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. मग पर्स उचलली.

"मी जाते," मी म्हटलं.

"जा. मी लावत राहतो," सर म्हणाले.

कडोदऱ्याच्या रस्त्यावर ट्रकांची रांग कायमचीच. माझी स्कूटर मी कधी जोरात चालवत नाही, पण त्या दिवशी चालवली. कापडाचे ताके भरलेला एक टेम्पो अगदी अंगावर आला. मी थांबले नाही. डोक्यात एकच चाललं होतं. थंड पाण्याला आज जोर आहे का? या मिलमध्ये पाणी केव्हा कमी होतं? दुपारी होतं का? हे मी भावाला कधी विचारलंच नव्हतं. रोज ताटाला ताट लावून जेवतो आम्ही.

मिलच्या गेटसमोर माणसांचा घोळका दिसला. स्कूटर स्टँडवर लावायला जमेना, मी ती भिंतीला टेकवली. जवळ गेले तर तो चहाचा गाडा होता. पाळी संपलेली माणसं चहा पीत होती. त्यांच्यात भाऊ नव्हता.

वॉचमनने अडवलं. "मॅडम, अंदर लेडीज को परमिशन नहीं है."

"पॅनल कंपनीतून आलेय. मशीन बंद करायचंय."

"गेट पास?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, तो बाजूला झाला.

डाइंगचं खातं मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं. आत पाऊल टाकलं की ओल्या उकाड्याची लाटच अंगावर येते. आंबूस वास, जमिनीवर रंगीत पाणी, आणि पंपांचा असा आवाज की माणूस शेजारी ओरडला तरी ऐकू येत नाही. जेट ओळीने उभी होती. मला चष्म्यातून काही दिसेना, काचांवर वाफ. मी तो काढून ओढणीला पुसला आणि पुन्हा घातला, तेव्हा भाऊ दिसला. मशिनच्या लोखंडी ओट्यावर उभा होता. पॅनलवरचा दिवा हिरवा होता आणि त्याचे दोन्ही हात चाकावर होते.

मी ओरडले. त्याला ऐकू गेलं नाही. मी धावले, ओल्या फरशीवर गुडघ्यावर आपटले, उठले, ओट्याची शिडी चढले आणि मागून त्याचा शर्ट धरून खेचला.

तो दचकून वळला. "तू कसाले उनी आठे?"

"सोड. चाक सोड. मागे ये."

"काय व्हयनं? माय बरी शे ना?"

 मी नुसती त्याला खेचत होते. तो माझ्यासोबत दोन पायऱ्या खाली उतरला, तो केवळ माझी अवस्था बघून. मग मी मशिनवरचा दाबाचा काटा बघितला. काटा खाली, शून्यावर पडलेला. आत दाब नव्हता. त्या क्षणी त्याने झाकण उघडलं असतं तरी काही झालं नसतं.

हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तो काटा खाली होता हे नशीब होतं, आणि ते नशीब रोज कितीतरी वेळा लागलं होतं, याच माणसाच्या बाबतीत, मी पंख्याखाली बसलेली असताना.

तेवढ्यात सुपरवायझर आला. सरांचा फोन शेवटी त्याला लागला होता. त्याने एकेक मशीन थांबवायला लावलं. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, आणि मग विचारलं, "मागच्या आठवड्यात जो भाजला, तो कुठल्या मशिनवर होता?"

त्याने पलीकडच्या जेटकडे बोट केलं. तेच पॅकेज. तेच पॅनल.

"त्या दिवशी पाणी कमी होतं का?"

"पानी तो कम होता ही रहता है," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं मी काय विचारतेय. त्याने आवाज उतरवला. "मॅडम, जो हुआ सो हुआ. उसने जल्दी किया, सबने यही बोला है, शेठ को भी यही बोला है. आप नया प्रोग्राम डाल दो, बस."

भाजलेला माणूस ओडिशाचा होता. घाई केली म्हणून त्याला कामावरून कमी केलं होतं.

भाऊ मला गेटपर्यंत सोडायला आला. माझा गुडघा सुजत होता. स्कूटरपाशी आल्यावर तो हळूच म्हणाला, "ताई, तू हाई बाहेर बोलशी ते मनी नोकरी जाई."

"माहितीये."

"तुनी बी जाई."

"माहितीये रे."

 मी घरी आईला गुडघ्याचं कारण ऑफिसचा जिना असं सांगितलं. पुढचे दोन दिवस मी नव्या पॅकेजच्या कामात डोकं खुपसून बसले, आणि प्रत्येक फोन वाजला की मी दचकून बघायचे. पोलीस असतील, मिलमालक असेल, तो माणूस गेल्याची बातमी असेल. काहीही मनात यायचं. भाऊ घरी यायचा, जेवायचा, माझ्याकडे न बघता उठायचा. तिसऱ्या सकाळी कामावर निघताना चपला घालता घालता त्याने मला सांगितलं, तो माणूस पांडेसऱ्याला कुठल्या गल्लीत, कुठल्या खोलीत राहतो.

मी सरांना म्हटलं, "मला त्याला भेटायचंय."

सरांनी गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाले, "एकट्या नका जाऊ. मीपण येतो."

खोली वरच्या मजल्यावर होती. अशा खोल्यांत पाळीपाळीने माणसं झोपतात. तो कोपऱ्यात चटईवर बसलेला होता. माझ्या भावापेक्षा थोडा मोठा असेल. एक हात कोपरापासून बोटांपर्यंत पट्टीत, गळ्याखाली मलमाने चकचकणारी लाल कातडी. सरांना बघून तो भिंतीशी सरकला. त्याच्यासोबतचा माणूस उठून आमच्या आणि त्याच्या मध्ये उभा राहिला.

"हमने साइन कर दिया है," तो भाजलेला म्हणाला. "अब किसपे करना है?"

त्याला वाटलं आम्ही मिलकडून आलोय, घाई केल्याच्या कबुलीवर आणखी सही घ्यायला. आमची त्याला भीती वाटत होती. आणि जिना चढताना मला त्याची भीती वाटत होती. मी खाली बसले. हिंदीत, अडखळत, पॅनलचा प्रोग्रॅम आम्ही बनवतो हे सांगितलं. फाइलींचं काही सांगितलं नाही, त्याचा काय उपयोग. एवढंच म्हटलं, की दिवा चुकीचा लागत होता. आत दाब असतानाही हिरवा लागत होता. चूक पॅनलची होती.

 मग त्याने शेजारच्या माणसाकडे बघितलं.

"बोला था ना मैंने," तो त्याला म्हणाला. "हरी बत्ती देखके ही खोला था." आणि पुन्हा, जरा मोठ्याने, "हरी थी बत्ती. सबको बोला. घर पे फोन करके बोला. बाप भी बोला, तूने जल्दी की होगी."

तो रडायला लागला. चांगल्या हाताने त्याने तोंड झाकलं. सर उभेच होते. ते खाली बसले, पँटची इस्त्री सांभाळणारा माणूस त्या फरशीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आप के शेठ को मैं बोलूंगा. मैं खुद."

मला वाटलं, तिथे बोलले, बाहेर आल्यावर विचार बदलतील. त्यांनी तो बदलला नाही. त्याच दुपारी ते मिलमालकाला भेटायला गेले. मी बाहेर बाकावर बसले होते. आतून मालकाचा चढलेला आवाज येत होता आणि मी भावाच्या नोकरीसाठी देवाला हात जोडत होते. सर बाहेर आले. "आपली पॅनलं काढतायत," ते म्हणाले. "पण त्या माणसाचा इलाज आपण आणि ते मिळून बघणार. आणि घाई केली हे मागे घेणार."

दुसऱ्या एका मिलनेही पॅनलं काढली. इच्छापोरचा कारखाना थांबला, म्हणाला आधी दाखवा, मग लावतो. भावाला कुणी काढलं नाही. पण सुपरवायझर त्याच्याशी महिनाभर धड बोलला नाही आणि भाऊ रोज घाबरतच कामावर गेला. भाजलेला माणूस बरा झाला. त्याची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. मिलने परत बोलावलं होतं, तो गेला नाही. वाफेजवळ उभं राहवत नाही म्हणाला. सध्या ताक्यांची घडी करण्याच्या खात्यात आहे, दुसरीकडे. सणाला तो भावाला फोन करतो.

फाइली मी लावल्या. टेबलावरच्या चाचणीची फाइल त्या फोल्डरमधून काढून वेगळ्या जागी ठेवली, जिथून ती मिलच्या पॅकेजमध्ये जाऊच शकत नाही. कोणती फाइल आधी, कोणती नंतर, हे नावावर न सोडता क्रम लिहून ठेवला. एकच गोष्ट दोन जागी दोन तऱ्हेने लिहिलेली सापडली, तर बिल्ड तिथेच थांबतं आणि कोणत्या दोन फाइली ते सांगतं. झाकणासाठी तर आणखी एक केलं. ती तपासणी बंद असलेलं पॅकेज मिलसाठी बांधलंच जात नाही. हे सगळं करायला फारसे दिवस लागले नाहीत. आधी कुणी का केलं नाही, हे मी विचारत नाही. सगळे घाबरत होते, मीही.

नवं पॅकेज पहिल्यांदा इच्छापोरला लागलं. पहिल्यांदा झाकण उघडेल तेव्हा मी तिथे असणार, असं मी सरांना सांगितलं. सरही आले. भावाची त्या दिवशी सुट्टी होती, मी त्यालाही सोबत नेलं. तिथल्या ऑपरेटरने मशीन भरलं. आम्ही मुद्दाम थंड पाण्याचा कॉक अर्धा बंद केला. वेळ भरली. दिवा लाल. आम्ही थांबलो. काटा हळूहळू उतरत होता, दिवा लालच. ऑपरेटर कंटाळून बाजूला जाऊन उभा राहिला.  दिवा हिरवा झाला तेव्हा काटा शून्यावर होता, तरीही माझा विश्वास बसेना.

"मी खोलस," भाऊ म्हणाला आणि कुणी काही म्हणायच्या आत ओट्यावर चढला.

मीही त्याच्यामागे चढले.

"तू मांगे सरक," तो म्हणाला.

मी सरकले नाही. त्याने चाक फिरवलं. झाकण उचललं गेलं, गरम ओल्या कापडाचा वास आला आणि आतून थोडीशी वाफ वर गेली, भातावरून जाते तेवढी. भावाने काठीने कापडाचं टोक ओढून काढलं. फिरोजी रंग होता. तो कापड बघत होता आणि मी त्याचे हात.

खाली उतरल्यावर मला उलटी झाली. सरांनी पाणी आणून दिलं.  सोमवारी मी ऑफिसात गेले आणि पुढच्या मिलचं पॅकेज बांधायला घेतलं. बटण दाबायच्या आधी मी झाकणाची ओळ मोठ्याने वाचते, शेजारच्या मुलीला ऐकू जाईल अशी, आणि तिने 'चालू' म्हटल्याशिवाय दाबत नाही. तिला आता सवय झालीय. मला झालेली नाही.